मूळ गावचा रकाना

मराठी माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला विचारतात, "मूळचे कुठले तुम्ही?" कोलकात्यात आमच्यासारखी घरं थोडी, त्यामुळे इथे तर दुसऱ्याच वाक्याला. मीही लहानपणापासून उत्तर पाढ्यासारखं म्हणत आले: सांगली जिल्हा, आणि पुढे गावाचं नाव. जन्म माझा कोलकात्याचा, बाबांचाही कोलकात्याचा. आजोबा नोकरीसाठी इकडे आले ते इकडचेच झाले. पण जन्म कुठला हे कुणी विचारतच नाही.

म्हणून नागरी सेवा परीक्षेचा लांबलचक फॉर्म भरताना 'मूळ गाव' असा रकाना आला, तेव्हा हात अडखळलाही नाही. बाबा शेजारी चहा घेत बसले होते. "आपलं गाव लिही," म्हणाले. लिहिलं. गार्डन रीचच्या रेल्वे कार्यालयात त्यांची सगळी नोकरी फॉर्म तपासण्यात गेली, पण त्यांनाही काही खटकलं नाही.

माझा हा तिसरा प्रयत्न होता. न्यू टाउनमधल्या कंपनीतली नोकरी सोडून मी अभ्यासाला बसले होते आणि यंदा नाही झालं तर नाद सोडायचा, असं घरी कबूल केलं होतं. मुख्य परीक्षा पहिल्यांदाच पार केली होती. आता मधे उभी होती फक्त मुलाखत, आणि ती घेणार त्याच फॉर्मवरून.

सियालदहजवळ एक निवृत्त बंगाली अधिकारी रविवारी सकाळी आपल्या जेवणाच्या टेबलावर सरावाच्या मुलाखती घेत. मी मुद्दाम लवकर जायचे, कारण वाटेत भाजीचा घाऊक बाजार लागायचा आणि कुठली टोपली कुठल्या गाडीने आली हे विचारल्याशिवाय मला पुढे जाववत नसे. भोचकपणा म्हणा हवं तर. त्या रविवारी त्या गृहस्थांची पेन्सिल माझ्या फॉर्मवरून सरकत मूळ गावावर थांबली.

गावाला पाणी कुठून येतं? पिकतं काय? लोक भांडतात कशावरून?

शेवटचा प्रश्न मला फार आवडला. उत्तर मात्र एकाचंही येईना. कितीदा गेली आहेस, त्यांनी विचारलं. दोनदा, मी म्हटलं. एकदा जावळ काढायला, आणि एकदा आठवीत असताना एका लग्नाला. लग्नातली फक्त जिलबी आठवते.

"ता होले लिखले कॅनो?" मग लिहिलंसच का?

ते रागावले नव्हते, त्यांना खरंच कुतूहल होतं. मी म्हटलं, आम्ही असंच लिहितो. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि सांगितलं, की एवढं एक वाक्य दिल्लीत बोलू नकोस. पाठवलेला फॉर्म आता बदलता येणार नव्हता आणि हातात तीन आठवडे होते.

घरी येऊन मी बाबांवरच उखडले. ते शांतपणे म्हणाले, "एवढंच ना? मी आहे की. वही आण." आणि सांगत सुटले. मंगळवारचा बाजार. नदीकाठची शाळा. वेशीपासून शाळेपर्यंत दुतर्फा चिंचा. देवळामागच्या विहिरीचं पाणी इतकं गोड की पाहुणे घागर भरून नेत. मी चार पानं भरली. बाबांचा चेहरा असा खुललेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

खात्री करून घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी गावी फोन लावला. तिथे बाबांचे चुलतभाऊ राहतात, माझे काका.

"बाजार? गुरुवारी असतोय. मंगळवारचा मोडून लई वर्षं झाली की."

शाळा पुरानंतर वर माळावर गेली होती. चिंचा रस्ता रुंद करताना तोडल्या. विहीर बुजवली, आता नळाला दिवसाआड पाणी. भांडणं कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून, काकांनी अगदी आनंदाने सांगितलं, आणि कोण कुणाशी बोलत नाही तेही.

मग रोज चार वाजता आमचा फोन ठरून गेला. काका फोन कानाला लावून गावातून चालत जायचे, डावीकडे काय, उजवीकडे काय ते सांगायचे, आणि मी वहीच्या दुसऱ्या बाजूने नकाशा काढत जायचे. मुलाखत राहिली बाजूला, मला त्या गावाची चटकच लागली. काकाही कमी चौकस नव्हते. "तिकडं रोज मासं खातेत म्हणं. तुमी पण?" हो म्हटलं. मग हळूच, "बरं लागतंय का?"

बाबांना यातलं मी काही सांगितलं नाही. संध्याकाळी ते माझी उजळणी घ्यायचे. "बाजार कधी?" मी म्हणायचे, मंगळवारी. "शाळा?" नदीकाठी. ते समाधानाने मान हलवायचे आणि मला चोरी केल्यासारखं वाटायचं. एकाच वहीत दोन बाजूंनी दोन गावं भरत चालली होती आणि ऐन वेळी तोंडातून कुठलं निघेल याची मला धास्ती होती.

दिल्लीत मुलाखत मंडळातल्या एका बाईंनी विचारलंच. इंटरनेटवर सापडणार नाही असं काहीतरी तुमच्या गावाबद्दल सांगा, म्हणाल्या. दोन्ही गावं एकदम जिभेवर आली. मग खरं ते सांगून टाकलं. मी तिथे दोनदा गेले आहे, माझ्याकडे त्या गावाची दोन वर्णनं आहेत, एक वडिलांचं, एक काकांचं, आणि ती जुळत नाहीत. बाईंनी चष्मा काढला. "कुठे कुठे जुळत नाहीत?" मी सांगत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, अधिकारी म्हणून तुम्ही कुणाचं धराल? मी म्हटलं, आज पाणी कुणाला मिळत नाही ते काकांना विचारीन. पण चिंचा तुटल्या हे गावाचं नुकसान झालं, हे मला वडिलांचं ऐकलं म्हणूनच कळलं. बाहेर आले. बरं बोलले की वाटोळं केलं, काही उमजत नव्हतं.

निकाल लागला. यादीत मी बरीच खाली होते, पण होते. बाबा देवापुढे जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी काकांनी फोनवर फोटो पाठवला. गावात फ्लेक्स लागला होता, त्यावर माझा परीक्षेच्या फॉर्मवरचा भेदरलेला फोटो दारापेक्षा मोठा, आणि वर 'गावची सुकन्या'. मी पोट धरून हसले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी फोन हातात घेऊन दोन बोटांनी फोटो मोठा केला. "शाळेसमोर लावलाय," म्हणाले. फोटो इकडे सरकवला, तिकडे सरकवला. फ्लेक्सच्या मागची दुकानं, दोन एसट्या, खांब, सगळं निरखलं.

"हे कुठं आहे गं?"

आताही थाप मारता आली असती. मी म्हटलं, "बसस्टँड आहे, बाबा. शाळा माळावर गेली, पुरानंतर."

"आणि चिंचा?"

"रस्त्यात गेल्या."

"बाजार तरी..."

"गुरुवारी."

मला वाटलं, ते चिडतील, नाहीतर उठून जातील. ते फोटोकडेच बघत होते. "मंगळवारचा बाजार मी तरी कुठं पाहिलाय," म्हणाले. "सुट्टीत जायचो चार दिवस, तेवढंच. ते सगळं तुझे आजोबा सांगायचे."

मग चष्मा पुसून त्यांनी माझ्यापुढे हात केला.

"वही दे ती. आणि पेन. वेशीपासून सुरू कर, मी लिहून घेतो."