आमच्या प्राचीची भूक

मी सुरेखा, कडावची. तोंडाने फटकळ हाय, पण वाढताना माझा हात कधी आखडला नाय. असं मी तरी समजत होते.

माझी सून प्राची शेलूची. लग्नात चांगली भरलेली पोरगी. वर्षाच्या आत गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आणि खायची किती? तांदळाच्या सहा भाकऱ्या, वर भात, तासाभराने परत डबे उघडून बघायची. एवढं जातंय कुठं? मला काय कळंना. शेजारची चिंधी म्हणाली, "नजर लागली." मीठमोहऱ्या ओवाळल्या. माझा नीलेश म्हणाला, "जंत असतील." गोळ्या दिल्या. तरी पोरीचं वजन खालीच.

गावात मात्र भलतीच कंडी पिकली. सुरेखा सुनेला पोटभर घालत नाय म्हणे! अगं बाई, भाकऱ्या थापून थापून मी मेटाकुटीला आलेली, आणि वर हे ऐकायचं? लय राग आला. तो नेमका पोरीवर निघाला. त्या दिवशी ती सातव्या भाकरीला हात घालत होती, मी टोपली उचलून फळीवर ठेवली. म्हटलं, "घरात अजून माणसं हायत गं." तिने हात धुतला. त्यानंतर आठवडाभर चारवरच थांबायची आणि तांब्या तांब्या पाणी प्यायची. अजूनच वाळली.

मग शेलूहून विहीणबाई आल्या. लेकीला बघून उंबऱ्यातच बसल्या. "माझी पोर मी नेते. परत पाठवणार नाय."

माझ्या पोराचा संसार मोडायची वेळ आली. मी म्हटलं, "विहीणबाई, आधी डोळ्याने बघा, मग न्या." प्राचीला ताटावर बसवलं, आमी दोघी समोर. चार झाल्या, सहा झाल्या, आठवी पण गेली. पोरीचा हात थरथरत होता, ऐन थंडीत कपाळावर घाम. विहीणबाईंचं तोंड उतरलं. "ही कसली गं भूक?" भांडायला आलेली बाई माझाच हात धरून बसली.

दुपारीच रिक्षाने कर्जतला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिचा गळा चाचपला, पाणी गिळायला लावलं, रक्त घेतलं. दोन दिवसांनी तिघींना बसवून सांगितलं, "गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडते. खाल्लेलं झपाट्याने जळून जातं, म्हणून शरीर सारखं खायला मागतं आणि वजन मात्र उतरतं."

"म्हणजे ती भूक खरी होती?" मी विचारलं.

"अगदी खरी. तिला खायला कमी तर पडलं नाही ना?"

विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मला ती फळीवर ठेवलेली टोपली आठवली. प्राचीच बोलली, "नाय मॅडम. आई मला उठून उठून वाढायच्या."

आता गोळ्या चालू हायत. तीन भाकऱ्यांत हात धुते आणि गाल भरतायत. जास्त खाऊन वाळली, कमी खाऊन भरली, हे माझ्या डोक्यात अजून नीट बसत नाय. पण त्याहून जास्त घोळत होतं ते तिचं खोटं बोलणं. मला का वाचवलं हिने? परवा धीर करून विचारलंच.

ती पीठ मळत होती. खाली बघूनच म्हणाली, "आई, तेव्हा मला पण वाटायचं, मीच हावरट हाय."