इतिहासाला एक डोकं कमी

जून संपत आला की आमच्या पनवेलच्या कॉलेजात प्राध्यापकांना अचानक आम्हां मुलांचं प्रेम यायचं. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला खास विषय निवडायचा असे, आणि ज्याच्याकडे पुरेशी मुलं नाहीत त्याचा वर्ग सरळ बंद. अर्थशास्त्राचे सर जिन्यात गाठून ‘बँकेत लागाल’ म्हणायचे. मराठीच्या बाई ‘अगं, सगळं आपल्याच भाषेत असतं’ म्हणून गळ घालायच्या. इतिहासाचे सर मात्र हात मागे बांधून स्टाफरूमच्या दारात उभे. कुणी चुकून विचारलंच तर पेपरांची नावं सांगायचे: प्राचीन भारत, मध्ययुगीन भारत, आधुनिक महाराष्ट्र, आधुनिक युरोप, पूर्व आशिया आणि पुरातत्त्व. इतकी नावं ऐकेपर्यंत पोरगं मराठीच्या बाईंकडे पोचलेलं असायचं.

पुरातत्त्वाच्या पेपरात उत्खनन शिकवत. ते नव्वद सालच्या आसपासचे दिवस. नवं पनवेल उभं राहत होतं, जिकडे बघावं तिकडे खोदकामच. त्यामुळे आम्हांला त्यात विशेष काही वाटत नसे.

मला इतिहासच हवा होता. त्यामागे फार थोर कारण नव्हतं. मला गोष्टी आवडत, आणि अर्थशास्त्राशी माझं उभ्या जन्माचं वाकडं. मागणीची रेघ खाली का येते, हे दोन वर्षांत मला कुणी पटवून देऊ शकलं नव्हतं. बाबांनी निक्षून सांगितलं होतं, “पनवेलात जो विषय मिळेल तो घे. मुंबईला जायचं नाव काढायचं नाही.” म्हणजे इतिहासाचा वर्ग उघडला नाही तर अर्थशास्त्र, अर्थशास्त्र घेतलं तर नापास, आणि नापास झाले तर टायपिंगचा क्लास आणि दाखवायचे कार्यक्रम. माझं पुढचं सगळं आयुष्य मला असं अगदी स्वच्छ दिसत होतं.

आणि नेमकं एक डोकं कमी पडलं.

सरांनी मला बोलावून घेतलं. ते इतके भिडस्त की शेजारणीकडे विरजण मागावं तसं म्हणाले, “एखादी मैत्रीण मिळेल का?” वर्ग बंद झाला तर त्यांची बदली संस्थेच्या कुठल्याशा लांबच्या शाखेत होणार होती, हे मला शिपायाकडून कळलं होतं. त्यांनी स्वतः त्यातलं अवाक्षर काढलं नाही.

मैत्रीण होती. दुसऱ्या वर्षाला माझ्याच बाकावर बसायची. इतकी अबोल की हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. मे महिन्यात तिचं लग्न झालं आणि ती कामोठ्याला सासरी गेली. शिक्षणाचं काय, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही.

मी एसटी धरून कामोठं गाठलं. तिची सासू ओटीवर सुकट निवडत बसली होती. अंगानं भक्कम, आवाज त्याहून भक्कम. मी ‘मावशी, मावशी’ करत सगळं सांगितलं, ते तिनं हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं.

“इतिहास म्हंजे काय शिकवतान?”

“राजे, लढाया, राज्यं कशी बुडाली…”

“म्हंजे मेल्याल्या मानसांच्या गोष्टी. त्या ऐकायला कालेज कशाला पायजे?”

दाराआड माझी मैत्रीण उभी होती. तिच्याकडे बघितलं तर तिचे डोळे भरलेले. मग मी मावशींच्या पायाशीच बसले आणि मूठभर सुकट ओढून निवडायला लागले. बरीच निवडून झाल्यावर मावशी म्हणाल्या, “बरा. मी सोता येऊन बगते. नाय आवरला तर हिला घेऊन तवाच घरी.”

आता आली का पंचाईत! मावशींना शिकवणं आवडायला हवं होतं, आणि सरांचं शिकवणं म्हणजे झोपेचं औषध. जुनी, कडा झिजलेली टिपणं काढायची आणि मान खाली घालून उतरवून द्यायची, तीसुद्धा विरामचिन्हांसकट. आम्ही परीक्षेला तेच लिहायचो, पास व्हायचो, आणि कुणाची काही तक्रार नव्हती. पण मावशींना पूर्णविराम कोण उतरवून घ्यायला लावणार?

मी सरांना आदल्या दिवशी सुचवून पाहिलं, “सर, उद्या जरा गोष्टीसारखं…” सर घाबरून म्हणाले, “परीक्षेत गोष्ट विचारत नाहीत.”

ठरल्या दिवशी मावशी आल्या. काष्टा, अंबाड्यात अबोलीचा गजरा, काखेत सूनबाईची पिशवी. थेट पहिल्या बाकावर बसल्या. सून पाठीमागे माझ्याशेजारी. मागच्या पोरांनी तोंडात रुमाल कोंबले. सरांनी मावशींना एक नमस्कार केला, टिपणं काढली आणि मान खाली घातली.

“फ्रान्सच्या राज्यक्रांतीची कारणे पुढीलप्रमाणे. अपूर्णविराम. एक. राजाची उधळपट्टी. पूर्णविराम.”

“हां,” मावशी म्हणाल्या.

सरांनी मान वर केली. मग पुन्हा टिपणांकडे वळले.

“दोन. जनतेवरील करांचा बोजा. पूर्णविराम.”

“हां. मंग?”

मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मावशी काही थट्टा करत नव्हत्या. त्यांच्या गावात कुणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा ही रीतच. हुंकारा दिला नाही तर सांगणाऱ्याचा अपमान. इतका शिकलेला माणूस बोलतोय आणि वर्गातलं एक पोर त्याला साधं ‘हां’ म्हणत नाही, याचंच त्यांना नवल वाटलं असणार.

सर गोंधळले. ‘मंग?’ हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. टिपणांत पुढे तीन नंबरचं कारण होतं, पण ‘मंग’चं ते उत्तर नव्हे. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “मग… मग एके दिवशी बाया निघाल्या.”

“कुट?”

“राजाच्या वाड्यावर. पाव मिळत नव्हता ना. भर पावसात, चालत.”

“हां!”

पुढे सर थांबलेच नाहीत. बाया वाड्यात शिरल्या, राजाराणीला शहरात घेऊन आल्या, आणि मग एका रात्री राजा वेश पालटून बायकापोरांना गाडीत घालून पळाला. सर टेबलाला वळसा घालून कधी पुढे आले ते त्यांना कळलं नाही. हातवारे करताना खडू उडून खिडकीबाहेर गेला. मागच्या पोरांनी तोंडातले रुमाल काढले होते. वाटेत एका गावात कुणीतरी राजाचा चेहरा ओळखला, आणि तास संपल्याची घंटा झाली.

“पकरला का सुटला?” मावशी उभ्याच राहिल्या.

मग मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. “ते उद्या.”

मावशी दुसऱ्या दिवशी आल्या. राजा पकडला गेला हे ऐकून त्यांना बरं वाटलं, पण राणीचं डोकं उडवल्यावर त्या हळहळल्या. “तिच्या पोरांचा काय झाला?” त्या विचारत, आणि सर ग्रंथालयात धावत. मैत्रिणीचं नाव पटावर चढलं, जुलैअखेरीला पटसंख्या तपासून झाली आणि इतिहासाचा वर्ग कायम झाला. मी आनंदानं सगळ्यांना वडापाव खाऊ घातला. सरांनी चक्क दोन खाल्ले.

सोमवारी मावशी आल्या नाहीत. मैत्रीण एकटीच आली. मी कुजबुजत विचारलं, “का गं, रागावल्या का?” तिनं मान हलवली. “शेतात लावणी राहिलीय थोडी. म्हणाल्या, आता तू ऐक आणि रोज घरी येऊन मला सांग.”

सर वर्गात आले. रिकाम्या पहिल्या बाकाकडे त्यांनी एकदा बघितलं. मग पिशवीतून हळूच ती जुनी टिपणं काढली आणि मान खाली घातली.

“औद्योगिक क्रांतीचे परिणाम पुढीलप्रमाणे,” सर म्हणाले. “अपूर्णविराम. एक. यंत्रांचा प्रसार. पूर्णविराम.”

आम्ही सगळ्यांनी मुकाट्यानं पेनं उघडली. मला फार वाईट वाटलं. विषय मिळाला होता, वर्ष वाचलं होतं, बाबा खूश होते. पण त्या टिपणांसाठी काही मी कामोठ्याला जाऊन सुकट निवडली नव्हती.

“दोन. शहरांची वाढ. पूर्णविराम.”

माझ्या शेजारी बाक करकरला. हजेरीला कधी ‘हजर’ न म्हणणारी माझी मैत्रीण उभी राहिली होती. कानापर्यंत लाल झालेली, दोन्ही हातांनी पदर गच्च धरलेला. संध्याकाळी घरी हुंकारा द्यायला कोण बसणार आहे, ते तिला पक्कं माहीत होतं.

“हां,” ती म्हणाली. “मंग?”

सरांनी टिपणं मिटून पिशवीत ठेवली.