बुढीचा खड्डा

"ओढू नका, उचला," बुढी म्हणाली. घमेल्याचा एक कान तिच्या हातात, एक माझ्या. दारापुढच्या तिच्या खड्ड्यात पावसानं आणलेला गाळ आम्ही संध्याकाळी काढत होतो. दुसऱ्या दिवशी गल्लीत सिमेंटचे गट्टू बसवायला मजूर येणार होते. समोरच्या घरवाल्यानं ठरवलंच होतं, खड्डा बुजवायचा.

"उद्या बुजणार हाय, काऊन हाडं मोडून राह्यली?" मी म्हणालो.

"उद्याचं उद्या. उचला."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

बुढी म्हणजे माझी बायको. खामगावातली आमची गल्ली उताराची. सिमेंटचा रस्ता झाला आणि पाऊस पडला की सारं पाणी थेट चुलीपाशी. मी उंबरा वाढवत बसलो. बुढी उंद्री गावची, बापाच्या वावरात चर खणलेली. तिनं दारापुढं लांबट खड्डा खणला, तळाला गिट्टी, वर रेती-माती, त्यात कर्दळ आणि वाळा लावला. रस्त्याचं पाणी तिथं थांबायचं, मुरायचं.

मला वाटलं, बागेला शोभा आणावी. भोवती विटांचा पक्का कठडा बांधला, गेरू लावला. पुढच्या पावसात पाणी कठड्याला वळसा घालून घरात! बुढी पायरीवर बसून हसली. "पाण्यानं काय उडी मारून आत जावं? फोडा ते."

फोडला. तेव्हापासून पाऊस आला की आम्ही पायरीवर चहा पीत पाणी पाहत बसायचो. दुसरं सुख काय असतं?

समोरचा म्हणायचा, "काकू, डास होतेत. गट्टू टाकले तर गाडीबी उभी राहीन."

"दुसऱ्या दिवशी खड्डा कोरडा असते रे बापू. डासाले अंडे घालाले टाइम तर भेटू दे!"

तोंडाची अशीच. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही दोन ऐकवली असती, मग चहा दिला असता.

सकाळी ती उठली नाही.

गल्ली गोळा झाली. मजूर सब्बल-फावडी घेऊन आले, तर समोरच्यानंच त्यांना थांबवलं. "आज नाही. परवा या."

मी म्हणालो, "परवा या. पण हा खड्डा सोडून गट्टू टाका."

तो म्हणाला, "हाव काका. सोडतो."

बायांनी विचारलं, तिच्या अंघोळीची फळी कुठं मांडायची? मी खड्ड्याचा काठ दाखवला. त्यांचं झाल्यावर शेवटचा तांब्या मी ओतला. पाणी कर्दळीच्या बुडाशी गेलं, थोडं थांबलं आणि मुरलं.