ब्लेडनं जुळवलेले भाऊ

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एकाच कापड रंगाईच्या मिलमध्ये माझा नवरा दिवसपाळीला आणि धाकटा दीर रातपाळीला. राहायला एकच खोली, आणि दोघांत सहा महिने अबोला. कारण काय, तर दीर दिवसा झोपलेला असताना ह्यांनी सुट्टीच्या दिवशी टेप मोठ्यानं लावला. बस, एवढंच. निरोप सगळे माझ्यामार्फत. मी दोघांनाही सारखीच वैतागले होते.

त्यातच दिरासाठी नंदुरबारचं स्थळ आलं. मुलीचा फोटो त्यानं उशाशी ठेवला होता, म्हणजे बघा. पण तिच्या वडिलांच्या कानावर गेलेलं, सुरतेत हे भाऊ वेगळे झालेत म्हणून. भांडणाऱ्या घरात मुलगी देणार नाही, म्हणाले. एकत्र असाल तर दोघांचा जोडीनं काढलेला फोटो पाठवा.

जोडीनं कसला, कपाळ! लग्न मोडायची वेळ आली तरी दोघं शेजारी बसायला तयार नाहीत. मी चार रस्त्याच्या चौकातल्या स्टुडिओवाल्या काकांना गाठलं.

"बेन, चिंता नको," ते म्हणाले. "वेगवेगळे पाठवा. ब्लेडनं कापून एकाच सोफ्यावर बसवतो."

सकाळी पाळीवरून आलेल्या दिराला धाडलं, संध्याकाळी ह्यांना. काकांनी दोघांना कापून चिकटवलं, सांध्यावर ब्रश फिरवला आणि त्याचा पुन्हा फोटो काढला. असे खेटून बसले होते की मला हसू आवरेना. मी ऐटीत फोटो पोस्टात टाकला.

पुढच्या रविवारी मुलीचे वडील फोटो घेऊन दारात हजर. हे एका भिंतीला, दीर दुसरीला. पाहुण्यांनी फोटोवर बोट ठेवलं. ह्यांच्या खिशावर शाईचा डाग. दिराच्याही खिशावर तोच डाग.

बाहेर घालायचा चांगला शर्ट आमच्याकडे एकच. पाळ्या वेगळ्या, त्यामुळे दुसरा कधी लागलाच नव्हता. मीच तो इस्त्री करून दोघांच्या अंगावर चढवला होता. मग मी टेपपासून ब्लेडपर्यंत सगळं खरं सांगून टाकलं. दिरानं मान खाली घातली. स्थळ गेलंच, असं मी मनात धरलं.

पाहुण्यांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "एक शर्ट दोघं घालतात, आणि वेगळे झाले म्हणे! पुढच्या रविवारी मुलगी बघायला या."

पाहुणे गेले. दीर माझ्याकडे बघत म्हणाला, "वहिनी, दादाला विचारा, रविवारी शर्ट कोण घालणार?"

मी तोंड उघडायच्या आत हे थेट त्यालाच म्हणाले, "तू घाल. मला कोण बघतंय?"