फाईल मी जाळली

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळली. घरात विषय निघाला की मी उठून गोठ्याकडे जायचो. परवा बायकोच्या वर्षश्राद्धाला मुलानं ती पाहुण्यांना सांगितली. आईनं आप्पांची, म्हणजे माझी, दवाखान्याची फाईल चुलीत घातली होती म्हणाला, आणि सगळे मायेनं हसले. मीही हसलो. म्हणून आता लिहितो. फाईल तिनं जाळली नाही, मी जाळली.

मला फुप्फुसाचा कॅन्सर पहिल्यांदा निघाला तेव्हा हुबळीला राहून सहा आठवडे शेक घेतला. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात. खोकला गेला, गाठ दिसेनाशी झाली, मी घरी आलो.

आमच्या गावात लांबचं दुखणं सरलं की त्यातली चटई, अंगावरचे कपडे शिवेबाहेर नेऊन जाळतात आणि मागं न बघता परत येतात. मी लाकडाच्या सरकारी डेपोत जन्मभर कारकून. असल्या गोष्टींना हसणारा. बायको नातवाची दृष्ट काढायला बसली की तिची थट्टा करायचो. तरी एका दुपारी ती रामनगरच्या बाजाराला गेल्यावर मी चटई आणि दोन सदरे गुंडाळले आणि शिवेवर गेलो. फाईलही त्यातच टाकली. सगळं दुखणं तिच्यातच लिहिलेलं होतं, ती घरात ठेवून नुसती चटई जाळण्यात काय अर्थ, असं त्या वेळी अगदी बरोबर वाटलं. चटईला वाळवी लागली होती, असं बायकोला सांगितलं.

दोन वर्षांनी खोकल्यातून रक्त आलं. त्याच फुप्फुसात, जुन्या जागेला लागून गाठ. माझा दम बघता ऑपरेशन होणार नव्हतं. बेळगावच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, पुन्हा शेक देता येईल, पण आधी कुठं किती दिलाय ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. मज्जारज्जूला जास्त झाला तर पाय जातील. जुने कागद आणा.

बायकोनं घर उलटं केलं. ट्रंका, तांदळाच्या कणग्या, माळा. तिला वाचता येत नव्हतं आणि चूल पेटवायला ती रद्दी वापरायची. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, तेव्हा मी एवढंच म्हणालो, “चुलीत घातली असशील.”

ती खाली बसली. म्हणाली, “असंल. कसलं तरी जाड पुठ्ठ्याचं एकदा घातलं व्हतं खरं.”

डॉक्टरबाईंच्या खोलीत मी तोंड उघडण्याआधी तीच बोलली. “माझ्याकडनं जळली, बाई. यांची काय बी चूक न्हाई.” मी भिंतीवरचं फुप्फुसाचं चित्र बघत राहिलो.

हुबळीच्या कॉम्प्युटरवर नोंद असेल, असं बाई म्हणाल्या. मुलाला घेऊन ती दोनदा बसनं तिकडे गेली. पहिल्या खेपेला तो विभाग बंद होता. दुसऱ्या खेपेला बाकावर बसून राहिली आणि सीडी हातात पडल्यावरच उठली. त्यावरून बाईंनी वेगळ्या बाजूनं, लहान जागेवर शेक द्यायचं ठरवलं.

त्या शेकाला मी घाबरलो नाही. हात डोक्यावर घेऊन, अंग हलू नये म्हणून मापानं केलेल्या साच्यात पडायचं. मशीनवरची मुलगी रोज सांगायची, “अज्जा, हलायचं नाही.” एकदा मी म्हणालो, “डेपोत चाळीस वर्षं खुर्चीवरनं हललो नाही, इथं काय हलतो?” ती हसत हसत बाहेर गेली. घशाची आग झाली, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. बायको पेज गार करून, गाळून द्यायची. महिन्याभरात भाकरी खाऊ लागलो. आज मी सकाळी बंधाऱ्यापर्यंत चालून येतो आणि मागच्या स्कॅनमध्ये गाठ जिथल्या तिथं आहे. आणखी काही वर्षं मी सहज काढीन.

पण तेव्हापासून बायकोनं चुलीत कागद घातला नाही. किराण्याची चिठ्ठी असो की बसचं तिकीट, सगळं ती फडक्यात बांधून ठेवायची. पावसाळ्यात ओल्या पाल्यावर फुंकत बसायची आणि धुरानं तिचा जीव घाबरा व्हायचा. अशाच एका सकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, “त्या फाईलीचं सांगायचं हाय.”

“आता किती दिस काढणार तेच?” ती चुलीकडे बघतच म्हणाली. “तुमी उठून हिंडायला लागलासा न्हवं? माझी चूक फिटली.”

तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मी चहाचा पेला घेऊन बाहेर आलो. ते समाधान मोडू नये म्हणून गप्प बसलो, असं पुढं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. तिला जन्मभर हसलो होतो, तिनं मला हसू नये म्हणून गप्प बसलो. गेल्या वर्षी दोन दिवसांच्या तापात ती गेली.

चूक तुझी नव्हती. फाईल मी नेली, मी जाळली आणि तुझ्यावर घातली. मला माफ कर.