सवत आली, तरी पाळणा हलला नाही

बायांनो, आम्हाला मूल हवंय. आज डॉक्टरीणबाईंनी नवऱ्यालाही तपासणी सांगितली. तंबाखूनं, सततच्या उष्णतेनं पुरुषाचंही बीज कमजोर होतं म्हणाल्या.

येताना आम्ही दोघं सिंदी गावात त्याच्या नव्वदीतल्या चुलत आजीकडे थांबलो, तिला हे सांगितलं. तिनं विचारलं, "माणसालेही तपासतेत?"

पन्नासच्या दशकात तिचा नवरा कापसाच्या जिनिंग कारखान्यात बॉयलरमध्ये दिवसभर कोळसा टाकायचा, तोंडात कायम बिडी. मूल होईना म्हणून घरच्यांनी सवत आणली. तिलाही झालं नाही. दोघी वांझ ठरल्या, कोणी ओटी भरेना.

"मंग आमी एकमेकीचीच भरत होतो. आमच्या मालकाले कोणी काई इचारलं नाई. तेबी जन्मभर झुरले."

निघताना तिनं माझी ओटी भरली. नारळ मात्र माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. "तपासाले पहिले तू जाजो."

तुमच्या घरी आधी कोण गेलं होतं?