चपला-बूट बाहेर काढावेत

चिखलीत शाळेचा एक जुना हॉल रिकामा पडला होता. आम्ही तीन-चार निवृत्त शिक्षकांनी मिळून त्याचं मुलांचं संग्रहालय केलं. मी चित्रकला शिकवायचे, त्यामुळे रंगरंगोटी आणि पाट्या माझ्याकडे आल्या आणि तोंड चालवण्याचं कामही बहुतेक माझ्याकडेच आलं.

संग्रहालय सगळ्या मुलांचं असावं, एकही मूल दारातून परत जाता कामा नये, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. त्यावर सगळ्यात जास्त वेळ मीच बोलले होते. पायऱ्यांच्या बाजूने उतार केला, त्याला कठडा लावला. टेबलं अशी करून घेतली की व्हीलचेअर खाली सरकावी. तिफण, वखर, जातं, बैलांच्या घुंगुरमाळा यांतलं काहीही काचेत ठेवलं नाही. ज्यांना दिसत नाही त्यांनी हाताने पाहावं म्हणून प्रत्येक वस्तूपाशी ब्रेलची पट्टी चिकटवली. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी उतारावर उभं राहून फोटो काढून घेतले. दुसऱ्या दिवसापासून उताराच्या तोंडाशी लोक मोटारसायकली लावू लागले. त्यावरून मी इतकी भांडले, की त्या गल्लीत मला अजूनही उतारवाल्या मॅडम म्हणतात.

माझा खरा जीव मात्र जमिनीवर होता. हॉलभर जिल्ह्याचा नकाशा मी स्वतः रंगवला होता, अख्खा उन्हाळा गुडघ्यांवर बसून. दाराशी सिंदखेडराजा, पलीकडच्या भिंतीला टेकलेला सातपुडा. मुलं आत आली की आपापलं गाव शोधायची आणि त्यावर जाऊन उभी राहायची. दुसरं काही बघायच्या आधी हेच चालायचं. रंग टिकावा म्हणून मी दारावर पाटी लावली होती: ‘चपला-बूट बाहेर काढावेत.’ चारी कडांना वेलबुट्टी काढली होती. यात काही चुकतंय असं कोणाच्याच मनात आलं नाही. आमच्याकडे ज्या खोलीचं कौतुक असतं तिच्या बाहेर चपला काढतात. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीतही आम्ही अनवाणीच जायचो.

एकदा वडनेर भोलजीहून सहावीचा वर्ग आला. मुलं आत गेली, गोंधळ सुरू झाला. थोड्या वेळाने मी बाहेर डोकावले, कारण पोरं चपला कशाही भिरकावतात आणि मला ते सहन होत नाही. पाहते तर सगळे जोड ओळीने लावलेले आणि शेजारी पायरीवर एक मुलगी बसलेली.

“तू लावल्या गं?”

“हाव.”

मी तिला शाबासकी दिली, पर्समधली गोळी दिली आणि आत आले. अशी वळणाची मुलं आता राहिली नाहीत, असं त्यांच्या सरांना मुद्दाम जाऊन सांगितलं.

“कोन, ते?” सर म्हणाले. “सहल कुठंबी जावो मॅडम, चपला तेच पाह्यते. तिले बूट काढता येत नाही ना.”

तिच्या दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या होत्या आणि त्या बुटांनाच जोडलेल्या होत्या. बूट काढले की तिला उभंच राहता येत नसे. सलवारीखाली मला ते दिसलं नव्हतं. देवळात तेच, इथेही तेच, असं सर सांगत होते, कापसाच्या भावाबद्दल बोलावं तसं. “तिले सवय हाय,” म्हणाले. मला त्यांचा संताप आला. चांगलं फाडफाड बोलायला म्हणून मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी मला पाटी आठवली. तोंड मिटून मी बाहेर गेले.

“चल, आत चल,” मी तिला म्हटलं. “दोघी-तिघी मिळून उचलून नेतो तुला.”

“नको.”

“का गं?”

“उचलून नेल्यावर पाय कुठी टेकते? मंग गावावर उभं कसं राह्याचं?”

म्हणजे आतून येणारं सगळं तिने ऐकलं होतं. कोण कुठे उभं आहे, कोणाला गाव सापडलं नाही, सगळं.

“मग बूट घालूनच चल.”

तिने पाटीकडे पाहिलं. “तिथं लिहेल हाय ना, मॅडम.”

त्या क्षणी मला लाज वाटली आणि तितकीच माझ्या रंगाची काळजीही वाटली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटली. ते बूट जड होते, टाचेला लोखंडाची पट्टी होती आणि ती एक पाय ओढून चालणार हे उघड होतं. मी पाटी खिळ्यावरून काढली आणि उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली. “आता नाही लिहिलेलं,” म्हटलं.

तिने रुमाल काढला आणि दोन्ही बुटांचे तळ घासून घासून पुसले. राहू दे, असं मी म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही.

कठडा धरून ती आत आली. सिंदखेडराजापासून वडनेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ अख्खा जिल्हा ओलांडायचा होता आणि नकाशाच्या मधोमध धरायला काही नव्हतं. बाकीची मुलं ते अंतर धावत गेली होती. ती चिखलीत थांबली, पैनगंगेच्या निळ्या रेघेवर थांबली. पलीकडून एक मैत्रीण ओरडत होती, “ये ना वं लवकर, जागा धरून ठेवली हाय तुही!” दोन पोरं कंटाळून जातं फिरवायला निघून गेली. बुटाची टाच जमिनीवर घासल्याचा आवाज मला प्रत्येक पावलाला ऐकू येत होता आणि मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होते.

गावावर पोचल्यावर तिने पहिल्यांदा मागे वळून पाहिलं.

“लाइन पडली, मॅडम.”

पडलीच होती. नकाशावरच्या घाटातून खाली, नांदुऱ्याजवळच्या वडनेरपर्यंत गेलेली, पांढरी, वाकडीतिकडी.

“पडू दे,” मी म्हणाले. नंतर ती लाइन बुजवायला मी एकदा ब्रश घेऊन बसले होते. तशीच उठले.

मैत्रिणींनी तिचा हात धरला. तिला मात्र अजून काहीतरी खुपत होतं. ती दाराकडे बघत होती.

“मंग चपला कोन पाह्यते?”

“मी आहे ना.”

मी बाहेर जाऊन ती बसली होती त्याच पायरीवर बसले. दोन जोड कुत्र्याने विस्कटले होते, ते सरळ केले. ऊन थेट अंगावर येत होतं. भिंतीपाशी माझी पाटी उलटी पडली होती. तेवढ्यात आत सगळा वर्ग एकदम हसला. मी मान वळवून पाहिलं, पण तिथून फक्त दाराची चौकट दिसत होती. कशाला हसले ते मला कळलं नाही.